हाकलता न येणारी भुतं

भुताच्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत भूत दिसलं की माझा त्यातला रस संपतो. पुढे दार करकरणार, मांजर अंगावर येणार, कानठळ्या बसवणारं संगीत वाजणार आणि शेवटी कोणीतरी मांत्रिक येऊन सगळं आटोपून टाकणार, हे ठरलेलंच. ही खोड मला जपानी सिनेमानं लावली. तिथलं भूत कोणाच्या बापाला हाकलता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, जातीचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढायचं आणि त्याच कॉम्प्युटरवर सिनेमा लावायचा. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातला एकही सिनेमा मी मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही, तेव्हा माझ्या मतांना त्या हिशेबानं काय ते वजन द्यावं. पुण्याला शिकायला गेलेल्या एका मित्रानं पेनड्राइव्हमधून ‘रिंगू’ आणला आणि हे वेड लागलं.

हिदेओ नाकाताचा १९९८ चा हा सिनेमा कोजी सुझुकीच्या कादंबरीवर आहे. एक शापित व्हिडिओ कॅसेट, ती पाहणारा सात दिवसांत मरतो. टीव्हीतून सरपटत बाहेर येणारी सादाको तर सिनेमा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. तिची ती अडखळती, हाडं निखळल्यासारखी चाल कशी केली ते मला फार नंतर कळलं. रिए इनो या नटीला उलट्या पावलांनी चालायला लावलं, चित्रण केलं आणि पडद्यावर ते उलटं फिरवलं. म्हणजे आधी बाईचं अंग, मग यंत्र. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या नाटकवेड्या भागातल्या, माणसाला अशी करामत लगेच पटते. आमच्या तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती जन्मभर नाटकात लोकांना हसवल्याबद्दल. पण नुसतं अंग वाकवून हजारभर माणसांना ताब्यात ठेवायचं, हे काम दोन्हीकडे सारखंच.

मला मात्र ‘रिंगू’त टीव्हीपेक्षा दुसराच प्रसंग छळतो. सादाकोची आई शिझुको. तिला अतींद्रिय शक्ती आहे म्हणून एक प्राध्यापक तिचा जाहीर प्रयोग लावतो. समोर पत्रकार बसलेले. प्रयोग साधतो, तसा त्यांच्यातला एक उठून ‘लबाडी, लबाडी’ ओरडतो आणि क्षणात जागीच मरून पडतो. मग सगळा जमाव त्या बाईवर उलटतो. याच्या मागे खरी माणसं आहेत. १९१० च्या सुमारास तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठातले फुकुराई तोमोकिची हे चिझुको मिफुने नावाच्या बाईचे असेच प्रयोग करत होते. तिच्यावर फसवणुकीचे आरोप झाले आणि १९११ मध्ये तिनं विष घेऊन जीव दिला.

हे वाचलं तेव्हा मी दुकानातच होतो आणि मला जपान आठवलं नाही, आपलाच जिल्हा आठवला. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. बारसेवाड्यानंतर चेटकीण म्हणून म्हातारी दाखवणारा हिंदी सिनेमा लागला की मी तो बंद करतो. त्या सिनेमात गावकरी बरोबर असतात आणि म्हातारी खरोखरच दोषी निघते. ‘रिंगू’त बाई दोषी आहे की नाही, हा प्रश्न कोणी सोडवत नाही. विहिरीतून सादाकोची हाडं बाहेर काढतात, आता तिला मुक्ती मिळाली असं सगळ्यांना वाटतं, आणि शाप तसाच राहतो. हाडं बाहेर काढल्यानं हिशेब मिटत नाही, एवढं तरी हा सिनेमा नीट समजतो.

एकदा कानेतो शिन्दोचा ‘ओनिबाबा’ घरी लावला. १९६४ चा, कृष्णधवल. चौदाव्या शतकातल्या यादवीत पुरुषभर उंच गवतात राहणाऱ्या सासू-सुना. वाट चुकलेल्या सामुराईंना मारून खड्ड्यात टाकायचं आणि त्यांची चिलखतं विकून ज्वारी-बाजरीसारखं बारीक धान्य घ्यायचं, हा त्यांचा धंदा. माझी माय शेंगा सोलता सोलता बघत होती. अर्ध्यात म्हणाली, “यात भूत कुठी आहे बा? बाया उपाशी आहेत.” सून रात्री गवतातून पळत शेजारच्या पुरुषाकडे जाते आणि तिला अडवायला सासू राक्षसाचा मुखवटा घालून वाटेत उभी राहते, तेव्हाही माय सासूच्याच बाजूनं. “सून गेली तर म्हातारीनं एकटीनं कसं जगावं?” पुढे पावसात तो मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसतो आणि हातोड्यानं फोडावा लागतो. तिथं मायनं शेंगा सोलणं थांबवलं. या सिनेमावर मी इंटरनेटवर बरंच वाचलं आहे, पण भुकेचा मुद्दा इतक्या लवकर कोणी मांडलेला नाही.

त्या गवताच्या आवाजाबद्दलही बोललं पाहिजे. हिकारू हायाशीचे ढोल मधूनमधून कडाडतात, पण खरी दहशत वाऱ्यात सळसळणाऱ्या पात्यांची आहे. छत्तीसगडमधून २०२१ मध्ये रानटी हत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात शिरला, कोरची, मालेवाडा, कुरखेड्याच्या बाजूनं फिरला, धान तुडवला. तेव्हा रात्री जागलीला बसलेल्यांना विचारा. हत्ती दिसत नाही. बांबू मोडल्याचा आवाज येतो, मग काहीच येत नाही, आणि ते काहीच न येणं सहन होत नाही. जपानी दिग्दर्शकांना ही मधली गप्प जागा वापरता येते. ती संगीतानं भरून टाकायची घाई त्यांना नसते.

कियोशी कुरोसावाचा ‘कैरो’ (२००१) माझ्या मते या सगळ्यांत वरचा. अकिरा कुरोसावाशी याचं नातं नाही. मेलेल्यांच्या जगात जागा उरलेली नाही, म्हणून ते इंटरनेटमधून जिवंतांच्या जगात येतात. पण ते कोणाला मारत नाहीत. त्यांना भेटलेली माणसं एकेकटी पडत जातात आणि शेवटी भिंतीवर काळा डाग तेवढा उरतो. एका प्रसंगात लांबच्या टोकाकडून एक बाई हळू चालत येते आणि मध्येच तिचा पाय लचकतो, पडता पडता ती सावरते. बस एवढंच. मी मात्र उठून शटर पूर्ण वर केलं. ज्याचं पोट ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांवर चालतं किंवा बंद पडतं, त्यानं हा सिनेमा रात्री दुकानात पाहू नये.

आता न आवडलेलं. ‘जुऑन’चे २००० साली आलेले स्वस्तातले व्हिडिओ चांगले आहेत, पुढचं सगळं त्याच घराची वसुली. मिइकेचा ‘ऑडिशन’ पहिला तासभर अप्रतिम आहे, शेवटच्या सुया लोकांना आवडतात, मला त्या सिनेमावर केलेला अन्याय वाटतात. शिन्या त्सुकामोतोचा ‘तेत्सुओ’ (१९८९) म्हणजे माणसाच्या मांसातून लोखंड उगवतं, सदुसष्ट मिनिटं राईस मिलच्या पट्ट्याला कान लावून बसल्यासारखं. एकदा पाहिला, छान वाटलं, परत बघणार नाही.

प्रयोगाच्या नावाखाली मला पटलेलं काम अगदी छोटं आहे. ताकाशी इतोचा ‘स्पेसी’, १९८१ चा, दहाएक मिनिटांचा. रिकामी व्यायामशाळा, त्यात स्टँडवर लावलेले फोटो, आणि कॅमेरा त्या फोटोत शिरतो तर आत तीच व्यायामशाळा. सातशे स्थिर छायाचित्रं जोडून केलेला आहे. भूत नाही, गोष्ट नाही, तरी घाम फुटतो. घोस्ट स्टोरी म्हणून ज्या फिल्मा विकल्या जातात त्यांच्यापेक्षा हा जास्त भुताचा आहे, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

आणि किनुगासाचा ‘अ पेज ऑफ मॅडनेस’. १९२६ चा मूकपट. वेड्यांच्या इस्पितळात बायको ठेवलेली आहे, तिच्याजवळ राहता यावं म्हणून नवरा तिथंच नोकर झाला आहे. यासुनारी कावाबाता या कामात सहभागी होता, नोबेल मिळायच्या कितीतरी आधी. सिनेमा हरवला असं सगळे धरून चालले होते, १९७१ मध्ये तो किनुगासालाच आपल्या घरच्या कोठीत सापडला. यात मूकपटातल्यासारख्या अक्षरांच्या पाट्याच नाहीत. त्या काळी जपानी थिएटरात पडद्याशेजारी बेन्शी उभा राहायचा, पात्रांचे संवाद म्हणायचा, गोष्ट समजावून सांगायचा, आणि लोक नटापेक्षा त्याच्यासाठी तिकीट काढायचे. आज आपण तो सिनेमा बेन्शीशिवाय बघतो आणि ‘किती अवघड, किती आधुनिक’ म्हणतो. अवघडपणाचा निम्मा भाग म्हणजे बोलणारा माणूस गेला, एवढाच आहे.

यावरून डोक्यात एक बेत आला. जपानात भुताची नाटकं उन्हाळ्यात लागायची. ‘योत्सुया काइदान’ हे ओइवाच्या भुताचं प्रसिद्ध काबुकी नाटक १८२५ च्या भर उन्हाळ्यात एदोत आलं. आपल्याकडे धान घरात आला की दिवाळीनंतर मंडईची जत्रा सुरू होते आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात. जो प्रेक्षक रात्री दहापासून उजाडेपर्यंत थंडीत तट्ट्यावर बसतो, त्याला सत्तर मिनिटांचा मूकपट काय जड? पाट्या नाहीत म्हणजे इंग्रजी वाचायचीही भानगड नाही. माईक मी धरतो, आपल्या बोलीत सांगतो.

जवळच्या गावातल्या मंडईच्या मंडळाकडे गेलो आणि हे सगळं समजावलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “यात गाणं आहे का जी?” नाही म्हटलं. “लावणी?” त्या सिनेमात एक बाई बेभान नाचते, हे मला एकदम आठवलं. नाच आहे, म्हणालो. त्यांनी नाटकाच्या आधीचा अर्धा तास दिला आहे. उरलेली चाळीस मिनिटं कुठून कापायची यावर माझं आणि मित्राचं फोनवर भांडण चालू आहे. त्याचं म्हणणं नाच ठेव, बाकी सगळं उडव.