तीन दारांची परवानगी

परतूर तालुक्यातील आष्टीच्या एका आडत दुकानात धाकट्या मुलाने दिव्यांचा अंकफलक तयार केला. काट्यावर किती भरले हे शेतकऱ्याला समोरच दिसावे, एवढाच त्यामागील हेतू. फलक जोडायचा होता दुकानातील जुन्या संगणकाच्या प्रिंटर पोर्टला; आणि त्याच संगणकात हंगामाच्या सर्व पट्ट्या व उधारीची खाती होती.

विकतच्या यंत्राबरोबर ड्रायव्हर मिळतो. घरी केलेल्या फलकाचा ड्रायव्हर घरीच लिहावा लागतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला मुनीम. लिनक्समध्ये तो बहुधा प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो, आणि तेथील एका चुकीने अख्खा संगणक ठप्प होऊ शकतो. म्हणून जाणकार आधी साध्या प्रोग्राममधून पोर्टशी बोलून पाहतात.

साध्या प्रोग्रामला मात्र ही दारे बंद असतात. ती उघडण्यासाठी मुख्य अधिकार, म्हणजे 'रूट', लागतो. त्यानंतरही दोन मार्ग उरतात: 'आयओपीएल' ही आज्ञा सर्व 65,536 दारे एकदम खुली करते, 'आयओपर्म' मागितली तेवढीच. दारागणिक परवानगी तपासण्याची ही सोय इंटेलने 1985 च्या 80386 प्रोसेसरमध्येच करून ठेवली आहे.

"बाबा, सगळीच उघडली तर कटकट मिटेल."

"आपल्याला लागतात किती?"

"तीन. 888, 889 आणि 890."

"मग तीनच माग. आणि आधी खात्यांची नक्कल काढून ठेव."

मुलाने नक्कल काढली, प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर बाजूला केला आणि 888 वर पहिला अंक लिहिला. फलकावरचा एक दिवा लागला. घरातील सर्वांनी तो येऊन पाहिला.

तिसऱ्या रात्री मात्र चूक झाली. प्रोग्रामच्या फेऱ्यात दाखवायचा अंक वाढण्याऐवजी दाराचा क्रमांकच वाढत गेला. 891 ला हात लागताच प्रोसेसरने हरकत घेतली आणि प्रणालीने प्रोग्राम तेथेच बंद केला. संगणक चालूच होता. खाती जशीच्या तशी होती. सर्व दारे उघडी असती, तर तो फेरा पुढे 944 नंतरच्या पडद्याच्या दारांतून थेट 1014 पर्यंत पोचला असता. ते हार्ड डिस्कच्या नियंत्रणाचे पारंपरिक दार. मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

आता फलक अंक दाखवतो. पण संगणक दुसऱ्या कामात गुंतला की दिवे लुकलुकतात. साध्या प्रोग्रामला वेळेची हमी नसते आणि यंत्राकडून येणारी हाक, म्हणजे इंटरप्ट, थेट ऐकता येत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये जावेच लागेल. ते काम मुलाने सुरू केले आहे. मात्र ज्यात खाती नाहीत अशा दुसऱ्या संगणकावर. हे त्याला या वेळी कोणी सांगावे लागले नाही.