तीस पौंड हवा

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या लेखी आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बंद पडला, बोलवा याला. टीव्हीला मुंग्या आल्या, बोलवा याला. त्यात मी मेकॅनिकलला आणि मामाचं दिवा-शीळ रस्त्यावर टू-व्हीलरचं गॅरेज! त्यामुळे सुट्टीत होस्टेलवरून घरी आलो की दोन दिवसांत माझी रवानगी तिकडे. मामा दहावी नापास, पण नुसता आवाज ऐकून टॅपेट सैल आहे की चेन, ते सांगतो. आमच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल म्हणून त्याला बसवलं तर निम्म्या वर्गाची केटी पक्की.

गेल्या दिवाळीत तिथे एक हार्ले आली. इलेक्ट्रा ग्लाइड, वजन चारशे किलोच्या आसपास. आजूबाजूच्या स्प्लेंडर तिच्याकडे बघून लाजल्या असाव्यात. मालक डोंबिवलीचे, बँकेतून रिटायर झालेले एक काका. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंना मागे बसवून कोल्हापूरला निघायचं होतं. पण दोघं बसले की प्रत्येक खड्ड्यात मागचं सस्पेन्शन तळाला आपटत होतं, आणि काकूंचं दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालेलं. "सुधारलं नाही तर मी एसटीने येईन," असं काकूंनी बजावलं होतं म्हणे.

आपल्या पल्सरला मागे स्प्रिंग असते. 'सी' पाना लावून खालची रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. त्याने गाडी उचलते, पण स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. या हार्लेला (टूरिंग गाड्यांना २०१६ च्या मॉडेलपर्यंत हे होतं) मागच्या शॉकॲबसॉर्बरमध्ये हवा भरतात. दोन्ही बाजूंचे शॉक एका बारीक नळीने जोडलेले, आणि डाव्या बॅगेजवळ एकच व्हॉल्व्ह. तोही साधा, टायरला असतो तसाच. हवा वाढवली की गाडी उचलतेच, शिवाय सस्पेन्शन कडकही होतं.

आपण दिवेकर रोज याच तत्त्वावर प्रवास करतो, हे किती जणांना माहीत आहे? २००७ पासून आलेल्या सिमेन्सच्या लोकलमध्ये डबा आणि बोगी यांच्यामध्ये हवेच्या स्प्रिंगा आहेत. सकाळी दिव्याला माणसं आत कोंबली गेली की डबा खाली बसतो, त्याबरोबर एक दांडा हलतो, लेव्हलिंग व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत जाऊन डबा परत वर येतो. माणसं उतरली की जादा हवा बाहेर. गर्दी मोजणारा असा इमानदार कर्मचारी दुसरा नाही! हार्लेत मात्र हे काम पंप घेऊन आपणच करायचं.

मामाने सवयीने कॉम्प्रेसरचा पाइप ओढला. काकांनी गाडीची पुस्तिका आणली होती, मी ती चाळत होतो. मामाला गिऱ्हाइकासमोर टोकायचं म्हणजे धाडसच, पण म्हटलं, "मामा, यात कमाल ५० पौंड लिहिलंय. आपला कॉम्प्रेसर १२० चा. आतली जागा एवढीशी, एका फटक्यात सील जाईल." मामाने माझ्याकडे एकदा, पुस्तिकेकडे एकदा पाहिलं आणि पायाने मारायचा पंप काढला. आधी व्हॉल्व्हवर फडकं धरून जुनी हवा हळूच सोडली. हवेबरोबर तेलही येतं आणि ते मागच्या टायरवर किंवा डिस्कवर पडणं वाईट.

मग पंप मारून टायरच्या गेजने बघितलं, २२ पौंड. खात्रीसाठी पुन्हा लावला, १७! तिसऱ्यांदा, १३. मामा म्हणाला, "लीक आहे. शॉक बदलावा लागेल." काकांचा चेहरा पडला. ती जोडी काही दिव्यात मिळत नाही आणि किंमत ऐकली तर आमच्या दोन सेमिस्टरची मेस निघेल.

साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. मग माझ्या डोक्यात थर्मोचा पहिला युनिट आला. टायरमध्ये एवढी हवा असते की गेजने घोटभर घेतली तरी पत्ता लागत नाही. इथे मुळात आहेच वाटीभर. गेज लावताना थोडी फिस्कन जाते, थोडी त्याच्या नळीत शिरते, की प्रेशर लगेच खाली. म्हणजे हवा खात होता तो मोजणाराच!

मी हे समजावताना फळा असता तर बरं, असं वाटत होतं. मामाने मधेच तोडलं, "मग मोजायला पंप काढतोस कशाला? पंपावरच काटा आहे ना?" खरंच होता! काटा बघत ३० पर्यंत नेलं आणि झटक्यात पिन काढली. काका-काकू दोघांना बसवून मी मडगार्ड ते ॲक्सल अंतर टेपने मोजलं, मामाने गाडी दाबून पाहिली. त्याच्या हाताला कडक वाटली म्हणून थोडी सोडून पुन्हा २५ वर आणली.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून काकांचा फोन. "खंबाटकी घाटात एकदाही आपटली नाही हो! पण ही म्हणते सीट फार टणक आहे."

"त्यात हवा भरता येत नाही, साहेब," मामा म्हणाला आणि एका स्प्लेंडरचं कार्ब्युरेटर उघडायला बसला.