नराचं डोकं

"ह्यांच्या डोक्यात घरातलं काही राहतच नाही." आई हे बाबांबद्दल म्हणते, आजी आजोबांबद्दल म्हणायची. पुरुषांचा मेंदूच तसा, असं धरून मीही जेवलेलं ताट तिथेच ठेवत आलो.

मग स्टिकलबॅकबद्दल वाचलं. बोटाएवढा मासा, पाठीवर तीन काटे. आइसलंडमधल्या मिव्हाटन तळ्यातल्या या माशांचे मेंदू संशोधकांनी मोजले आणि २०१२ मध्ये लिहिलं : नराचा मेंदू मादीपेक्षा २३ टक्के जड! हा नर मूत्रपिंडात तयार होणाऱ्या चिकट द्रवाने काडीकचरा जोडून घरटं बांधतो. शेजारच्या नरांना हुसकावतो, नाचून मादीला बोलावतो. ती अंडी घालते आणि जाते. पुढे पंखांनी अंड्यांना पाण्याचा वारा घालणं, पिल्लं राखणं, सगळं याच्याकडे. या कामांनीच तो मेंदू वाढवला असावा, असा संशोधकांचा कयास.

मेंदू फुकट मिळत नाही. उप्सालाच्या प्रयोगशाळेत मोठ्या मेंदूचे गप्पी (आपण डासांसाठी पाण्यात सोडतो तेच) पिढ्यांमागून पिढ्या निवडले. माद्या आकड्यांच्या परीक्षेत हुशार निघाल्या, पण आतडं लहान झालं, पिल्लंही घटली. एवढी किंमत मोजायची तर तसंच काम पडायला हवं.

परवा आईने विचारलं, "बीपीची गोळी आणलीस?"

विसरलो होतो. आयपीएलचं पॉइंट्स टेबल मात्र तोंडपाठ. "डोक्यातच राहिलं नाही गं," ओठांवर आलं होतं. चप्पल घातली आणि मेडिकलकडे निघालो.