घूमच्या वाटेवरील धूम

डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि असलाच पाहिजे, हा न्यायशास्त्रांतील अनुमानाचा दृष्टान्त मीं तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगितला. तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र पेन्शन घेतल्यावर, गेल्या कार्तिकांत दार्जिलिंगकडे आला.

आम्ही उभयतां गेलों होतों तें कांचनजंगेच्या दर्शनासाठीं. तीन दिवस पहाटे उठून, कानटोप्या चढवून उभे राहिलों. पण ढगांनीं पडदा कांहीं सारला नाहीं. चौथ्या दिवशीं खिन्न मनानें घूमच्या बाजारांतून चाललों असतां मागून कर्कश शीळ आली. कुटुंबानें हात धरून मला बाजूस ओढलें. दुकानांच्या पायऱ्यांना जवळजवळ घासून, धुराचे लोट सोडीत, एक लहानसें निळें इंजिन डबे ओढीत येत होतें!

वाफेचें इंजिन आतां पदार्थसंग्रहालयांतच पाहावयाचें, अशी माझी समजूत होती. येथें तें जिवंत होतें, धापा टाकीत काम करीत होतें. हा लोहमार्ग १८८१ सालीं दार्जिलिंगला पोंचला. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. न्यू जलपाइगुडीपासूनच्या सुमारें ८८ किलोमीटरांच्या वाटेवर घूम हें सर्वांत उंच स्टेशन, ७,४०७ फुटांवर. चढणीसाठीं दांतेरी रूळ नाहीं; कोठें मार्ग स्वतःभोंवतींच वेढा घेतो, तर कोठें गाडी पुढें, मग मागें, पुन्हां पुढें अशी पायरी चढते. या जातीचीं पहिलीं इंजिनें १८८९ सालीं ग्लासगो येथें घडलीं. १९९९ सालीं युनेस्कोनें या मार्गास जागतिक वारशाचा मान दिला.

माझें लक्ष मात्र माणसांकडे लागलें. इंजिनाच्या तोंडाशीं बसलेला एक जण, चाकें घसरूं नयेत म्हणून, ओल्या रुळांवर वाळू टाकीत होता. दुसरा कोळशाचीं ढेकळें फोडीत होता. आणि आंत फायरमन भट्टींत फावडें रिकामें करीत होता.

माझे वडील कुर्डुवाडीस, बार्शी लाईटवर, फायरमन होते. अडीच फुटी रुळांची, पंढरीच्या वारकऱ्यांची ती गाडी. रात्रपाळीहून आले कीं चार बादल्या पाणी अंगावर घेऊन मगच ते संध्येस बसत. तरी नखांतला कोळसा निघत नसे. शाळेंत कोणी विचारलें तर ‘रेल्वेंत आहेत’ एवढेंच मी सांगें. अमरकोश पाठ म्हणणाऱ्या मुलाला त्या काजळीची लाज वाटे. आपली फी त्या काजळींतूनच येते हें कळत होतें, तरीहि. त्यांच्या हयातींत हें मीं कधीं बोलून दाखविलें नाहीं, आणि त्यांनींहि कधीं विचारलें नाहीं.

गाडी स्टेशनांत थांबली. फायरमन पाणी पिण्यास खालीं उतरला. मी पुढें होऊन मोडक्या हिंदींत म्हणालों, ‘माझे वडीलहि फायरमन होते.’ हा शब्द परक्या माणसापाशीं मीं प्रथमच उच्चारला. त्यानें हंसून आपला काळा हात पुढें केला. मीं तो दोन्ही हातांत धरला. बिऱ्हाडीं कुटुंबानें हात धुवावयास ऊन पाणी आणून ठेवलें, तें बराच वेळ तसेंच राहिलें.

कांचनजंगा शेवटपर्यंत दिसली नाहीं. धुरावरून अग्नि ओळखावयास मीं मुलांना शिकविलें. त्या अग्नीपाशीं उभा असलेला मनुष्य ओळखावयास मला साठ वर्षें लागलीं.