बरोबरीचा गडी

मराठीत ‘बरोबरी’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक समतेचा, दुसरा स्पर्धेचा. आमच्या आधीच्या पिढ्यांनी ‘आमची बरोबरी करतोस काय?’ हा प्रश्न गावोगावी ऐकला. अंगावरचा नवा कपडा, लग्नाच्या वरातीतली घोडी, मुलाच्या हातातली पाटी, कोणत्याही निमित्ताने तो अंगावर फेकला जाई. इतिहास शिकवता शिकवता आम्हांला त्यातले मर्म उमगले. ज्याला बरोबरीचा मानायचे नाही, त्याच्याशी कोणी स्पर्धा करीत नाही. त्याला केवळ अडवले जाते. प्रतिस्पर्धी होण्यासाठी आधी समान व्हावे लागते.

सिरसाळ्यात भल्या पहाटे परळीच्या रस्त्याने धावणाऱ्या आमच्या मंडळीकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. या मंडळीला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. पुढे पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली, मागे पन्नाशी ओलांडलेले आम्ही पाच-सहा जण. आमच्यात शिक्षक आहेत, एक किराणा दुकानदार आहे आणि एसटीचा एक निवृत्त वाहकही आहे. मागे पडणाऱ्याला वाहक अजूनही ‘पुढे सरका’ म्हणून हाकारतो. दुकानदार पुढे गेला की ‘आज मापात पाप आहे’ असा आमचा ठरलेला आक्षेप असतो. आमची चुरस गुडघ्यांच्या मर्यादेत चालते. मुलांची चुरस मात्र भाकरीशी जोडलेली आहे.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण असतात. पूर्ण गुण हवे असतील तर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवावे लागते. ४०० मीटरच्या मैदानावर हे चार फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला साडेसत्याहत्तर सेकंद मिळतात. एकट्याने धावणाऱ्याचा तिसरा फेरा हमखास ढिला पडतो. म्हणून मुले पाळीपाळीने पुढे होतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या पावलांशी पाऊल जुळवतो. मुलींना चाचणीत ८०० मीटरच धावायचे असते. तरी आमच्यातील दोघी मुद्दाम पूर्ण १६०० मीटर धावतात आणि अखेरच्या फेऱ्यात दमलेल्या मुलांना गाठतात. त्या दिवशी मुलांचे पुढचे धावणे अधिक वेगाने होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिस्पर्ध्यामुळे माणूस कुठवर जातो, याचे उदाहरण आपल्याच बीड जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांना बालपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट तुडवावी लागे. पुढे ते सैन्यात भरती झाले, सियाचीनच्या बर्फात राहिले आणि त्यानंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोट यांनी ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. साबळे यांना ८ मिनिटे ११.२० सेकंद लागले. अंतर अवघ्या पाच शतांश सेकंदांचे! परंतु त्याच धावेत साबळे यांनी आपलाच राष्ट्रीय विक्रम सव्वा सेकंदाहून अधिक फरकाने मोडला. सुवर्ण हुकले त्या शर्यतीनेच त्यांना तोवरचा सर्वांत वेगवान अविनाश दाखवला. पुढे किबिवोट नसते, तर तो दिसला असता काय?

साबळे ज्या पलटणीत भरती झाले, ती महार रेजिमेंटची पाचवी. भरतीचे मैदानही कधी काळी सर्वांना खुले नव्हते, हे मुलांना सांगताना आम्ही येथे थांबतो. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली पलटण युद्धानंतर मोडली गेली. बाबासाहेबांच्या सततच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. धावण्याच्या रेषेवर उभे राहण्याचा अधिकारच ज्यांना लढून मिळवावा लागला, त्यांच्या मुलांनी ती रेषा हलकी मानू नये.

आमच्या मंडळीत दोन मुले होती. एक आमच्या वस्तीतला, दुसरा गावातल्या मोठ्या आळीतला. कोण कुठला, हे पुढच्या हकिकतीत आम्ही सांगणार नाही. रस्त्यावरही कोणी विचारीत नाही. दोघांची वेळ एक-दोन सेकंदांच्या फरकाने सारखी. दसरा-दिवाळी उलटली आणि एकाच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली. तोही ऊसतोडीला गेला. दिवसभर फडात मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची आणि उरल्या वेळात कारखान्याच्या रस्त्यावर धावायचे. दोघे फोनवर एकमेकांना वेळ सांगत. त्याची वेळ वाढू लागली, तसा येथला मित्र आपली वेळही चार सेकंद वाढवून सांगू लागला. गड्याने उमेद सोडू नये, एवढाच हेतू. ते उघड झाले तेव्हा कोपीतून उत्तर आले, ‘खरं टायमिंग सांग, नाहीतर सांगूच नको.’

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. त्याला मैत्री हवी होती. दया नको होती. खोटी वेळ सांगणे म्हणजे त्याला बरोबरीच्या रेषेवरून मायेने का होईना खाली उतरवणे होते. पुढे दोघे खरीच वेळ सांगू लागले.

भरतीत येथला मुलगा निवडला गेला. उसाच्या फडातून आलेला थोड्या गुणांनी राहिला. निकालाच्या दिवशी पहिले पेढे त्यानेच वाटले. दुसऱ्याच्या यशात निर्मळ आनंद मानणे म्हणजे मुदिता, असा धम्मातला अर्थ आम्ही वर्गात सांगतो. तो त्या दिवशी आमच्या समोर उभा होता. आता निवडला गेलेला मुलगा रजेवर आला की पहाटे मित्रापुढे धावतो. साडेसत्याहत्तर सेकंदांचा फेरा तो अठ्ठ्याहत्तरचा होऊ देत नाही. मित्र मागे पडला तरी वेग कमी करीत नाही, आणि मित्राचीही तशी अपेक्षा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, निवासी शाळेत तुमच्या शेजारच्या खाटेवर जो झोपतो, तोच परीक्षेत आणि मैदानात तुमचा प्रतिस्पर्धी असतो. त्याच्यापुढे जाण्याचा प्रयत्न जरूर करा. तो पुढे गेला तर त्याच्या पावलांशी पाऊल जुळवा. आणि त्याने विचारले, तर आपली वेळ खरी सांगा.