बिऱ्हाड कोठे करावे?

नोकरीचे गाव दुसरे कोणीतरी ठरवते. राहण्याचे गाव मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. बदलीचा कागद हाती पडला की माणसे पगार, पद आणि सामानाची बांधाबांध यांचा विचार आधी करतात. बिऱ्हाड कोठे थाटावे हा प्रश्न शेवटी उरतो. पुढील वर्षे सुखाची जातील की कष्टाची, हे मात्र बहुधा त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

२०१८ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. वसईच्या केळीबागांत वाढलेले आम्ही उभयता, सहावीत जाणारी कन्या आणि दम्याने थकलेली वृद्ध आई, अशा चौघांना नांदेड जिल्ह्यात जायचे होते. आमच्यापैकी एकाची नोकरी धर्माबादला होती, दुसऱ्याची उमरीला. त्या जिल्ह्यात आमचे ना गणगोत, ना ओळखपाळख. नकाशा उलगडला तेव्हा ध्यानात आले की, धर्माबाद म्हणजे महाराष्ट्राचे अगदी टोक. मनमाडहून आलेला लोहमार्ग नांदेड, मुदखेड, उमरी ही गावे मागे टाकून येथे पोहोचतो. पुढे लागलीच तेलंगणातील बासर येते आणि गोदावरीचा पूल ओलांडला की निजामाबादची वाट.

हितचिंतकांचे सल्ले तीन प्रकारचे होते. बहुतेकांचे मत नांदेडला पडले. तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, शाळांना तोटा नाही. धर्माबाद तेथून सुमारे सत्तर किलोमीटर. ‘रेल्वेने ये-जा करा,’ असे सांगितले गेले. काहींनी निजामाबाद सुचविले, कारण धर्माबादहून ते नांदेडपेक्षा जवळ. धर्माबादेतच राहा, असे म्हणणारे थोडे होते आणि तेही दबक्या आवाजात. कारण आईंचा दमा आणि धर्माबादची मिरची!

धर्माबादची लाल मिरची मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. हिवाळा सरता सरता मोंढ्यात मिरचीचे ढीग लागतात आणि वाऱ्याबरोबर तिखटाची धूळ उडते. धडधाकट माणसालाही ठसका लागावा, तेथे दमेकऱ्याची काय कथा?

केवळ नकाशावर विसंबून राहू नये म्हणून एप्रिल महिन्यात आम्ही चार दिवस त्या भागात हिंडलो. पहिली गोष्ट उमगली ती ही की, येथील माणसे जिल्ह्याच्या हद्दीत राहत नाहीत. ती बाजार, सोयरिकी आणि रेल्वेच्या हद्दीत राहतात. त्याला इतिहासही आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशात गेली. कागदावर रेघ पडली, तरी लेकी दिल्या-घेतल्या जात राहिल्या. दुकानात मराठीत मागावे आणि दुकानदाराने गल्ल्यावरील मुलाला तेलुगूत सांगावे, हे येथे नित्याचे. ‘अक्का’ ही हाक तर दोन्ही भाषांची. ती ऐकून आईंच्या चेहऱ्यावरील परकेपणा थोडा ओसरला.

रेघ मुळीच नाही, असे मात्र मानता येत नाही. त्याच वर्षी तेलंगणाने शाळांतून तेलुगू सक्तीची केली. निजामाबादला राहिल्यास कन्येला सहावीत नव्या लिपीपासून आरंभ करावा लागला असता. पाण्याचेही तेच. बाभळी येथील गोदावरीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे, सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार, १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणून घर पाहताना आम्ही भिंतींच्या रंगाआधी एकच गोष्ट विचारीत असू, ‘मे महिन्यात कूपनलिकेला पाणी असते का?’

शेवटी निर्णय झाला तो आईंच्या एका प्रश्नाने. नांदेडच्या एका नीटनेटक्या सदनिकेत उभे राहून त्यांनी विचारले, “तुम्ही दोघे पहाटे निघणार, पोर शाळेत जाणार. मला दम लागला तर मी हाक कोणाला मारू?” आम्ही रुग्णालयाचे अंतर मोजले होते; हाकेचे अंतर मोजलेच नव्हते. रोजच्या प्रवासाचे तास कोणाच्या वाट्यातून जाणार, हे त्या क्षणी स्पष्ट झाले.

मग आम्ही धर्माबादेतच, परंतु मोंढ्यापासून दूर, घर शोधले. वारा कोणत्या महिन्यात कोणत्या अंगाने येतो, हे घरमालकाला नव्हे, शेजारच्या बायकांना विचारले. समोर औषधाचे दुकान आणि भिंतीला भिंत लावून एक तेलुगूभाषक कुटुंब, असे दोन खोल्यांचे घर मिळाले. मिरचीच्या हंगामात खिडक्यांना ओले पडदे लावतो. काही रात्री कठीण जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. विशेष तपासणीसाठी नांदेड गाठावेच लागते, आणि वसईची घंटा ऐकत वाढलेल्या आम्हांला रविवारच्या उपासनेसाठीही प्रवास घडतो.

या निवडीची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. प्रवासी गाड्या थांबल्या, राज्याच्या सीमेवर अडथळे उभे राहिले. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेली ती रेघ अकस्मात भिंत झाली. आम्ही चौघे एका छताखाली होतो. आईंचे औषध समोरच्या दुकानातून येई. शेजारची अक्का दुरूनच भाजीची पिशवी उंबऱ्याशी ठेवी आणि दोघी आपापल्या भाषेत, अंगणाच्या दोन टोकांना बसून, तासन्‌तास बोलत. एकमेकींचे किती कळत होते, देव जाणे. परंतु गप्पा कधी अडल्या नाहीत.

आता कोणी परक्या जिल्ह्यात निघाले आणि आमचा सल्ला विचारला की आम्ही गावाचे नाव सांगत नाही. ज्याच्या घरी तान्हे मूल असेल त्याला नांदेड योग्य ठरेल, ज्याचे व्यवहार पलीकडे असतील त्याला निजामाबाद. आम्ही एवढेच म्हणतो, घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या पावलांनी गाव मोजा. त्याला दुकान, दवाखाना, सावली आणि बोलायला माणूस किती पावलांवर आहे ते पाहा. धट्टीकट्टी माणसे कोठेही रुळतात. थकलेल्या जिवाला जेथे हाकेला ओ मिळते, तेथेच बिऱ्हाड करावे.