साडेतीन हजारांवर थांबणं

अचलपूरच्या माणसाला धागा म्हणजे कापूस. पऱ्हाटीचं बोंड फुटायला दीड-पावणेदोन महिने. आधी तंतू लांबतो, मग आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. विदर्भ मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या मला बुटीबोरीला आल्यावर पहिलं नवल वाटलं ते याचंच, की पॉलिएस्टरचं अख्खं नशीब पापणी लवायच्या आत ठरतं.

280 अंशांच्या आसपास वितळलेलं पॉलिएस्टर स्पिनरेटच्या बारीक भोकांतून उतरतं, थंड हवेत गोठतं, खाली वाइंडरवर गुंडाळलं जातं. पॉलिएस्टरच्या चिप्स त्याच, भोकं तीच. फक्त ओढण्याचा वेग बदलायचा. मिनिटाला हजार मीटरला रेणूंच्या साखळ्या अस्ताव्यस्त राहतात आणि तो धागा साठवणुकीत ठिसूळ होत जातो. तीन ते साडेतीन हजारांवर साखळ्या धाग्याच्या दिशेने वळतात, पण स्फटिक जवळजवळ नसतातच. हा पीओवाय, म्हणजे अर्धवट वळलेला धागा. उकळत्या पाण्यात तो निम्म्याच्या आसपास आखडतो. नवख्या पोरांना हा दोष वाटतो. टेक्स्चरायझिंगवाल्याला मात्र तापवून, ताणून, पीळ भरायला हाच कच्चेपणा हवा असतो.

खरी गंमत चार हजारांच्या पुढे. एरवी पॉलिएस्टर स्फटिक व्हायला आळशी. अनुकूल तापमानालाही कित्येक सेकंद घेतं. वेगात मात्र जडत्व आणि हवेचा अडथळा मिळून ताण इतका वाढतो, की रांगेत आलेल्या साखळ्या मिलिसेकंदांत एकमेकींना बसतात. पाच हजारांच्या वर धागा सावकाश बारीक होत नाही, एका जागी एकदम आवळतो. त्याला आम्ही नेक म्हणतो. सहा हजारांचा धागा उकळत्या पाण्यात जेमतेम आखडतो, वेगळा ताणावाही लागत नाही.

मग आणखी पळवा की! हिशेब मांडणाऱ्यांना वेग म्हणजे टन. पण सात हजारांपलीकडे साल आधी गोठते, ताण एकटी झेलते आणि गाभा मागे राहतो. ताकद घसरते, धागातुटी वाढते.

1982 मध्ये पाताळगंगेच्या कारखान्यात पीओवाय सुरू झाला, त्यानंतर यंत्रं किती बदलली! तरी गिऱ्हाईक मागतं तो तोच अर्धा धागा. बॉबिन उतरली की मी आधी तो ओढून बघतो. दुपटीहून जास्त लांबला, तर माल पाठवायला हरकत नाही.